टाळूवरची पिवळी खपली उतरवताना

बाळ महिना-सव्वा महिन्याचं झालं की एके दिवशी टोपडं काढताना टाळूवर काहीतरी चिकटलेलं दिसतं. मेण सांडून थिजावं तसा पिवळट, तेलकट थर. नखाने खरवडला तर निघत नाही, ओढला तर बाळाचे दोन-चार केस घेऊन येतो. कुणी याला कोंडा म्हणतं, कुणी जन्माचा मळ, कुणी थेट खवडे. डॉक्टर ‘क्रेडल कॅप’ म्हणतात. नवजात बाळांच्या घरी जाऊन आई-आजीसोबत हे डोकं स्वच्छ करणं हा आमच्या रोजच्या कामाचा भाग आहे. जाड खपली उतरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. त्या दिवसांत काय काय दिसतं, हात कुठे चालवायचा आणि कुठे आवरायचा, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी नावांचा घोळ मिटवायला हवा, कारण नाव चुकलं की उपाय चुकतो. हा मळ नाही. रोज दोन वेळा न्हाणाऱ्या बाळालाही खपली धरते. हे खवडेही नाहीत. खवडे म्हणजे डोक्याचा बुरशीचा संसर्ग. तो एकाचा दुसऱ्याला लागतो, त्यात केस मुळाशी तुटतात आणि गोल टक्कल पडतं. खपली कुणाला लागत नाही. आणि आईने दही खाल्लं, आंबट खाल्लं म्हणूनही ती येत नाही. बाळंतिणीचं ताट आधीच पथ्याने अर्धं रिकामं झालेलं असतं. खपलीच्या नावाखाली त्यातला आणखी एक पदार्थ काढू नये, हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो.

होतं ते असं. गर्भात असताना आईची संप्रेरकं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतरही काही महिने बाळाच्या तैलग्रंथी जोरात काम करतात. डोकं, भुवया, कानामागची जागा, जिथे या ग्रंथी दाट, तिथे तेल जास्त. त्या तेलावर मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, जगते. ती तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या त्वचेवर असते, मोठ्यांच्या कोंड्यातही हिचाच हात असतो. या यीस्टला स्वतःची स्निग्धाम्लं तयार करता येत नाहीत, म्हणून ती त्वचेवरचं तेल फोडून खाते. फोडताना जे उरतं त्याने नाजूक त्वचा चाळवते, पेशी घाईने सुटू लागतात, आणि सुटलेल्या पेशी तेलात एकमेकींना चिकटून थर बनतो. यातला ‘तेल फोडून खाते’ हा भाग लक्षात ठेवा. पुढे बहुतेक घरांत जे बिघडतं ते इथेच.

खपली टाळूवर सगळ्यात जाड का, याचं एक साधं कारण हाताशी आहे. टाळू मऊ असते, नाडीसोबत उडते, म्हणून तिथे हात लावायला सगळे घाबरतात. डोक्याच्या कडेने साबण फिरतो, टाळूवर फक्त पाणी ओततात. त्यात ‘टाळू भरायची’ म्हणून दिवसातून दोनदा तेल तिथेच थापलेलं असतं. तेल सगळ्यात जास्त आणि धुणं सगळ्यात कमी, असा तो रुपयाएवढा भाग. टाळूखाली जाड, चिवट पडदा असतो. बोटांच्या पेरांनी हलकं चोळल्याने तिला काहीही होत नाही. ती भरते ती कवटीची हाडं वाढून, बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. तेलाने ती लवकर भरत नाही आणि तेल थांबवलं म्हणून उघडीही राहत नाही. हे आजींना समजावून सांगताना त्यांचा हात झिडकारू नये. बाळाला सगळ्यात सावकाश, सगळ्यात सुरक्षित धरणारा हात घरात त्यांचाच असतो, आणि तो हात पुढे आपल्याला लागणार आहे.

पहिल्या दिवशी तेलाच्या बाटलीला हात लावायचा नाही. बाळाला खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात घेऊन नीट बघायचं. खपली कोरडी-तेलकट आहे की ओलसर? खालून पाणी सुटतं आहे का? वास येतो का? मग भुवया, कानांच्या मागची घडी, मानेच्या वळ्या, काखा आणि लंगोटाची जागा बघायची, कारण हाच त्रास तिथेही उतरतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि कधी कधी खपलीच्या जागी आजूबाजूपेक्षा फिकट डाग दिसतो. तो डाग पाहून कोडाची शंका घेऊन घरात रडारड होते. खपली बरी झाली की काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत, रंग आपोआप भरून येतो.

बाळ दूध नीट पितंय, झोपतंय, डोकं घासत नाही, वजन वाढतंय, तर घरी सुरुवात करायला हरकत नाही. खपलीला खाज फारशी नसते. बाळ डोकं गादीवर सतत घासत असेल, गालांवर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला कोरडे लाल चट्टे असतील, तर तो इसब असू शकतो. त्याची वाट वेगळी. खपलीखालून पाणी किंवा पू येणं, मधासारखी पिवळी पापडी धरणं, सूज, ताप, गोल टक्कल, अंगभर लाली पसरणं, यातलं काही दिसलं तर तेल न लावता बालरोगतज्ज्ञांकडे. लाली अंगभर आणि सोबत जुलाब, वजन वाढत नाही. किंवा खपलीत आणि जांघेत रक्ताचे बारीक ठिपके, आणि महिनोन्महिने काही केल्या हटत नाही. ही चिन्हं फार क्वचित दिसतात, पण दिसली तर थांबायचं नाही. सरकारी घरभेटींत आशा ताई २१व्या, २८व्या आणि ४२व्या दिवशी येतात आणि दीड महिन्याची लस असते. खपली नेमकी याच काळात उगवते. त्यामुळे ‘दाखवायचं कधी’ हा प्रश्न खरं तर नसतोच. त्या दिवशी टोपडं काढून दाखवायचं.

आता तेल. तेलाचं काम खपली मऊ करून सोडवणं, एवढंच. बाळाच्या डोक्याला ते ‘पाजायचं’ नाही. या कामाला सगळ्यात सरळ म्हणजे औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन, किंवा ज्या बेबी ऑइलच्या लेबलवर मिनरल ऑइल लिहिलेलं असतं ते, बिनवासाचं. हे खनिज तेल यीस्टला खाता येत नाही. कोकण-गोव्यात आणि बऱ्याच घरांत खोबरेल तेलच असतं; तेही चालतं, पण ठरलेल्या वेळेत धुऊन टाकायच्या अटीवर. थंडीत ते थिजतं, साधारण चोवीस अंशांखाली. तेव्हा वाटी गरम पाण्यात ठेवून पातळ करावं. गॅसवर कढवू नये. ऑलिव्ह तेल आम्ही वापरू देत नाही, मोहरीचंही नाही. ऑलिव्हमधलं मुख्य स्निग्धाम्ल त्वचेचं वरचं कवच सैल करतं आणि यीस्टला ते आवडतं. मोहरीने नाजूक त्वचा पोळते. पेट्रोलियम जेली जाड खपलीवर छान काम करते, पण निघायला दोनदा शॅम्पू लागतो. बाळ रडकं असेल तर ती नकोच.

खोबरेल तेलाच्या बाटलीत कापूर घातलेला आहे का, हे विचारल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही. कोंड्यावर म्हणून मोठ्यांच्या तेलात कापूर घालायची पद्धत घरोघरी आहे आणि तीच बाटली बाळाच्या डोक्यावर येते. कापूर बाळाच्या त्वचेतून शरीरात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. बाळाची बाटली वेगळी, नवी, तिच्यावर चिठ्ठी लावलेली असावी. लिंबाचा रस, दही, खाण्याचा सोडा, कडुलिंबाचा काढा, बोरिक पावडर यांतलं काहीही नको. रिठा आणि शिकेकाई डोळ्यात गेली तर डोळ्याला इजा होते. बाळ डोळे मिटून धरत नाही, हे विसरू नये.

पहिलं न्हाणं सकाळी, बाळाचं पोट ना भरलेलं ना रिकामं, दूध पिऊन तासभर झालेला. अंगाच्या अंघोळीआधी फक्त डोकं धुवायचं. बाळाला मऊ पंच्यात मानेपर्यंत गुंडाळलं की हात तेलाने निसरडे असले तरी ते सटकत नाही आणि थंडही पडत नाही. आजी पाटावर पाय लांब करून पायांवर बाळाला घेतात ती पद्धत या कामाला अगदी योग्य आहे, फक्त डोकं पायांच्या टोकाकडे थोडं उतरतं हवं, म्हणजे पाणी डोळ्यांकडे येत नाही. सगळं सामान आधी हाताशी: तेलाची वाटी, मऊ ब्रश, दोन पातळ सुती फडकी, शॅम्पू, कोमट पाण्याची बादली, तांब्या, कोरडा पंचा.

तेल अर्धा ते पाऊण छोटा चमचा पुरतं. बोटांच्या पेरांनी फक्त खपलीवर लावायचं, सगळ्या डोक्यावर नाही. चोळायचं नाही, दाबून-दाबून मुरवायचं. पातळ पापुद्र्याला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बोटाला टणक लागणाऱ्या थराला पाऊण ते एक तास. या वेळात बाळाला मांडीवर घ्यावं. एक गोष्ट इथे कळकळीने सांगायची आहे: तेल किंवा पॅराफिन लावलेलं बाळ शेगडीजवळ, धुरीजवळ न्यायचं नाही. तेलाने भिजलेलं टोपडं आणि दुपटं ठिणगीने साध्या कापडापेक्षा लवकर पेटतं. डोक्याचं काम चालू असेल त्या दिवसांत धुरी बंदच ठेवा. तसाही तो धूर बाळाच्या छातीला चांगला नाही.

वेळ झाली की सुती फडकं कोमट पाण्यात पिळून डोक्यावर दोन मिनिटं ठेवायचं. वाफाळलेलं नको, कोपर बुडवून गरम-थंड काहीच जाणवलं नाही की पाणी बरोबर. मग ब्रश. बाळाचा म्हणून मिळणारा अगदी मऊ केसांचा. तळहातावर फिरवला तर गुदगुल्या व्हाव्यात, ओरखडा नाही. आधी केसांच्या दिशेने, मग बारीक गोल फिरवत, खपलीच्या कडेपासून आत. मधोमध सुरुवात केली तर थर फुटतो आणि खालची त्वचा सोलवटते. कड आधी उचलली की तो अखंड सुटतो. डोक्याला टेकलेल्या ब्रशचं वजन पुरेसं असतं, वरून दाब द्यायचा नाही. जास्तीत जास्त तीन ते पाच मिनिटं. डोकं भरून खपली असेल तर रोज एक तृतीयांश भाग घ्यावा: आज टाळू, उद्या उजवी बाजू, परवा डावी. सगळं एका दिवसात उतरवायचा हट्ट हीच सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

धुणं हा यातला खरा अर्धा भाग. बेबी शॅम्पू आधी तळहातावर दोन चमचे पाण्यात कालवावा, थेट डोक्यावर ओतू नये. शॅम्पू एका छोट्या चमच्याच्या अर्ध्याहून जास्त लागत नाही. पेरांनी सगळ्या डोक्यावर, टाळूवरही, हलकेच फिरवायचा आणि मिनिटभर ठेवायचा. मग एक हात कपाळावर पन्हाळीसारखा धरून पाणी मागे जाईल असं ओतायचं. दोन तांबे पाणी, तरीही हाताला तेलकट लागलं तर शॅम्पूचा दुसरा हात. बोट केसांतून फिरवल्यावर ‘कुरकुर’ लागली की तेल निघालं. साबणाची वडी शक्यतो नको. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस नीट होत नाही, पांढरा साका केसांत बसतो आणि दुसऱ्या दिवशी तोच साका खपली समजून पुन्हा घासला जातो. बोअरचंच पाणी असेल तर शेवटचा तांब्या पिण्याच्या गाळलेल्या कोमट पाण्याचा घ्यावा. डोकं टिपून कोरडं करायचं, रगडून नाही. पुन्हा तेल लावायचं नाही. इथे घरोघरी हात थांबत नाही. धुतलेलं डोकं ‘कोरडं’ दिसतं आणि अंगाला लावता लावता तळहातावर उरलेलं तेल टाळूवर जातंच. तेवढ्यावर यीस्टची पुढच्या दिवसाची सोय होते.

पहिल्या दिवशी फारसं काही निघत नाही. ब्रशला थोडा ओला भुसा, बस्स. थर उलट जास्त दिसतो, कारण केस त्यावरून बाजूला झालेले असतात. निराश होऊन त्याच संध्याकाळी पुन्हा घासू नये. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी कडा उचललेल्या दिसतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून नखाएवढे तुकडे ब्रशला येऊ लागतात, आणि त्यांच्यासोबत केसही. ते पाहून आयांच्या पोटात गोळा येतो. ते केस मुळात गळणारेच असतात. खपली त्यांना चिकटून होती म्हणून एकत्र दिसले. जावळ असंही पहिल्या काही महिन्यांत झडतं आणि नवे केस येतात. खालची त्वचा गुलाबी, थोडी चकचकीत दिसते, ते ठीक. ओलसर दिसली, ठिपका-ठिपका रक्त आलं, तर त्या भागावर दोन दिवस फक्त पाणी. तेल, ब्रश दोन्ही बंद.

बारीक दातांच्या फणीचा मोह याच टप्प्यावर होतो. फणी वाईट नाही, पण तिची पाळी शेवटी येते आणि ती डोक्याला जवळपास आडवी धरून, फक्त आधीच सुटलेला तुकडा केसांतून बाहेर काढायला. टोकं त्वचेवर उभी लावून खपली उकरली की ओरखडे पडतात, ओरखड्यातून जंतू शिरतात, आणि साधी खपली तीन दिवसांत पिकते. नखाचंही तेच. नखाखाली काय काय असतं, ते वेगळं सांगायला नको.

पहिला आठवडा रोज, दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड, असा क्रम ठेवतो. दुसऱ्या आठवड्यात थर जाऊन पिठासारखा बारीक भुसा उरतो आणि इथे नेमकी उलटी चूक होते. त्या भुशालाही तेल आणि ब्रश चालूच राहतो. जास्त घासल्याने त्वचा स्वतःच पापुद्रे सोडू लागते आणि मग आपण आपणच केलेलं निस्तरत बसतो. भुसा दिसला की तेल बंद, ब्रश आठवड्यातून दोनदा, शॅम्पू एक दिवसाआड. तिसऱ्या आठवड्यापासून शॅम्पू आठवड्यातून दोन-तीन वेळा.

डाळीचं पीठ, साय आणि हळद याबद्दल प्रत्येक घरी विचारतात, म्हणून थोडं विस्ताराने. अंगाला लावून लगेच धुतलं तर एखाद्या बाळाला चालून जातं, पण खपलीच्या डोक्यावर त्याने नुकसानच होतं. पिठाचे कण खपलीच्या कडांखाली अडकतात, वाळले की सिमेंटसारखे घट्ट होतात आणि काढताना त्वचा ओढली जाते. साय केसांच्या मुळाशी राहते, दुपारपर्यंत आंबते, घाम मिसळला की वास येतो. हळदीच्या पिवळ्या रंगामुळे तर खपली किती आणि हळद किती हेच कळत नाही, आणि खाली लाली असली तर झाकली जाते. आईचं दूध डोक्यावर चोळायचा सल्लाही मिळतो. तेही वाळून आंबतं. ते बाळाच्या पोटात गेलेलं बरं.

भुवयांवरची खपली वेगळ्या हाताने काढावी लागते. कापडाच्या टोकाला तेलाचा एक थेंब, नाकाकडून कानाकडे पुसायचं, दहा मिनिटांनी ओल्या कापडाने दोन-तीनदा टिपायचं. ब्रश नाही, शॅम्पू नाही. पापण्यांच्या कडेला खपली असेल तर ती डॉक्टरांनी बघायची. कानामागच्या घडीत चीर पडते, कारण दूध पिताना ओघळलेलं दूध तिथे जातं. रोज ओल्या कापडाने पुसून कोरडं ठेवणं एवढाच उपाय. मान, काख, जांघ यांच्या वळ्यांत तेल मुळीच नको. तिथे हवा लागत नाही, ओल आणि तेल मिळून दुसरीच बुरशी वाढते. पावडरही नको, ती वळीत लगदा होऊन बसते आणि उडालेली पावडर बाळाच्या श्वासात जाते.

दोन-तीन आठवडे नीट करूनही थर तसाच असला, किंवा खालची लाली वाढत गेली, तर औषधाची पाळी येते आणि ते डॉक्टरच ठरवतात. बुरशीविरोधी किटोकोनाझोल दोन टक्के, क्रीम किंवा शॅम्पूच्या रूपात, हे नेहमीचं. शॅम्पू बहुधा आठवड्यातून दोनदा, काही मिनिटं ठेवून पूर्ण धुवायचा, दोन ते चार आठवडे. लाली जास्त असेल तर एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून एकदा अगदी पातळ, सहसा आठवड्याच्या आत थांबवायचं. २०१९मध्ये कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने या सगळ्या उपायांवरचे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा कुठल्याही एकाच उपायाच्या बाजूने भक्कम पुरावा हाती आला नाही. म्हणून डॉक्टर औषध देताना हात आखडता घेतात, आणि खपली बहुतेक बाळांची वर्षाच्या आत आपोआपही जाते.

खरी भीती आहे ती दुकानदाराने काउंटरवरून दिलेल्या तीन-औषधी मलमाची. त्यात जबर स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि जंतूंचं औषध एकत्र असतं. दोन दिवसांत डोकं चकाचक दिसतं, म्हणून शेजारी-पाजारी त्याची शिफारस होते. बाळाचं वजन कमी आणि त्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, त्यामुळे लावलेलं स्टेरॉइड मोठ्यांपेक्षा जास्त प्रमाणात शरीरात जातं. त्वचा पातळ पडते, आणि मलम थांबवलं की लाली दुपटीने परत येते. २०१८मध्ये सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्रीची सूट काढून घेतली. तरीही नळी मागितली की मिळते, म्हणून नळीवरचं नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून बघा. मोठ्यांचे कोंड्याचे शॅम्पूही नकोत. त्यातल्या काहींत सॅलिसिलिक ॲसिड असतं. ते बाळाच्या त्वचेतून रक्तात जाऊन विषासारखं काम करू शकतं.

खपली पूर्ण टाळता येईलच असं नाही, कारण संप्रेरकं आपल्या हातात नाहीत. जाड होऊ न देणं मात्र हातात आहे. मालीश करायची तर करा. अंगाला तेल लावा, डोक्याला हवंच असेल तर खोबरेलाचे चार-पाच थेंब, तेही न्हाण्याच्या अर्धा तास आधी, आणि त्याच न्हाण्यात शॅम्पूने काढून. आठवड्यातून दोन-तीनदा शॅम्पू, रोज मऊ ब्रशचे दहा-बारा हात, टाळूवरूनही. तेलात भिजवलेला कापूस टाळूवर ठेवून वर टोपडं बांधायची पद्धत मात्र सोडून द्यावी लागेल. घरात, उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या दमट दिवसांत टोपड्याची गरज नसते. घालायचंच तर सुती, आणि रोज धुतलेलं. हे बारीक वाटतं, पण टोपड्याच्या आतल्या बाजूला बोट फिरवून बघा. कालचं तेल तिथे असतं आणि आज धुतलेल्या डोक्याला ते परत लागतं. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेल्या राईच्या उशीचंही तसंच. आणि झोपताना बाळाच्या डोक्याखाली उशी नसलेलीच बरी. ब्रश दर वेळी शॅम्पूच्या पाण्यात धुऊन उन्हात पालथा वाळवावा.

महिना-दीड महिन्याने कडेला पुन्हा पिवळी रेघ दिसली तर दचकू नये. खपली अशी दोन-तीनदा डोकावून जाते. ती पातळ असतानाच दोन दिवस पंधरा मिनिटांचं तेल आणि धुणं केलं की पुरतं. पुन्हा तीन आठवड्यांची वाट चालावी लागत नाही.

जावळ काढलं की खपली जाईल, असा समज पक्का आहे. वस्तरा केस काढतो. तैलग्रंथी त्वचेच्या आत असतात, त्या तशाच राहतात. उलट खपलीवरून वस्तरा अडखळतो आणि कापतो, आणि कापलेल्या जागी तेल-हळद लागली की ती पिकायला वेळ लागत नाही. मुहूर्त ठरलाच असेल तर आधीचे पाच-सहा दिवस वर सांगितल्याप्रमाणे खपली मऊ करून उतरवून घ्या, पातं समोर नवं उघडायला सांगा, ओलसर जागा असेल तर तारीख पुढे ढकला. जावळ काढल्यावर कोमट पाण्याने डोकं धुऊन टिपायचं आणि दोन दिवस त्यावर काहीही लावायचं नाही, तेलसुद्धा नाही.